सुळा हलेना

एकूचं मला काय खटकायचं ते आधी सांगते. पोरीला जरा कुठं दुखलं की हा बाप आधी डोळ्यांत पाणी आणायचा. दुखणं तिचं आणि नाक ह्याचं वाहतंय. आमच्या अख्ख्या खारवीवाड्यात असा बाप्या मी दुसरा पाहिला नाही, आणि तो नेमका माझ्या पोटी यावा!

त्या संध्याकाळीही तेच चाललेलं. हर्षाली, माझी नात, पडवीत भिंतीला टेकून बसलेली. एक गाल सुजून वर आलेला. एकू तिच्यासमोर उकिडवा बसून तिच्या तोंडाशी गोळी धरून होता.

"घे बाय, गिळ."

"पप्पा, एवढं नाही दुखत."

"आत्ता नाही दुखत. रात्री कळेल. घे."

"ती नको म्हणते ना रे," मी म्हटलं. मी बाजूलाच सुक्या बोंबलांची डोकी मोडत बसले होते. "बावीस वर्षांची घोडी झाली. घास भरवायचा तेवढा ठेवलायस."

"आये, तुला काय कळतं? हाडाला भोकं पाडलीत तिच्या."

"कुणी धरून नाही पाडली. तिनं मागून घेतलीत."

हर्षाली हसायला गेली आणि कळ आली तशी गाल धरून बसली. एकूच्या डोळ्यांत लगेच पाणी. तिनं बापाचं तोंड बघितलं, गोळी घेतली, गिळली. मला वाटलं, पोरगी बापाचं दुखणं बरं करायला औषध घेते.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. पण भोकांचं सांगायचं राहिलं.

माझ्या घरात पिढ्यान् पिढ्या होड्या. मी स्वतः दुसरीतून शाळा सोडली आणि आईच्या मागून जेटीवर लिलावाला उभी राहिले. नवरा गेल्यावर बोट मीच सांभाळली. खलाशी ठेवणं, बर्फ, डिझेल, सगळं. पण बोटीवर पाय कधी ठेवला नाही. आमच्यात बायका बोटीवर चढत नाहीत. पूजा करायची ती किनाऱ्यावरून, नारळ द्यायचा तो किनाऱ्यावरून. एकू माझा एकुलता एक. त्याला खाडीच्या तोंडापर्यंत नेलं तरी ओकाऱ्या. शेवटी औषधांचं शिक्षण घेतलं आणि नाक्यावर मेडिकल टाकलं. मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण फार नाही.

आणि ह्या एकूची पोरगी जहाजावरच्या अधिकाऱ्याचं शिकली! परीक्षा दिल्या, पोहण्यात पहिली आली, एका कंपनीनं मालवाहू जहाजावर शिकाऊ म्हणून निवडली. गणपती झाले की जहाज धरायचं. ज्या घरात बाईनं साध्या होडीवर पाय ठेवला नाही त्या घरातली पोर डोंगराएवढ्या जहाजावर उभी राहून हुकूम देणार. मी जेटीवर सगळ्यांना ऐकवलं. ज्यांनी विचारलं त्यांना आणि ज्यांनी नाही विचारलं त्यांनाही.

घोडं अडलं दातांपाशी. हर्षालीचा वरचा सुळा लहानपणापासून बाहेर आलेला, ओठ फाडायचा. तिनं कॉलेजात असतानाच दातांना तारा बसवून घेतल्या होत्या. जागा करायला मागचा एक दात काढला, आणि त्या फटीत सुळा ओढून आणायचं काम चाललेलं. कंपनीचा डॉक्टर म्हणाला, तारा निघाल्याशिवाय जहाजावर घेणार नाही. महिनोन् महिने भर समुद्रात. तार तुटून गालात घुसली तर बघणार कोण? आणि दातांची डॉक्टरीण म्हणाली, नेहमीच्या चालीनं पुढचा शिमगा उजाडेल.

म्हणून ती भोकं. सुळा लवकर सरकावा म्हणून.

पहिल्या खेपेला एकूच तिला रत्नागिरीला घेऊन गेला. नंतर म्हणाला, "आये, मेडिकल बंद ठेवून चालत नाही. टोचल्यावर बायला भोवळ येते, एकटी कशी पाठवू? तू जा तिच्याबरोबर." सून नंदा अंगणवाडीवर, तिला सुट्टी नाही. उरले मी. माझे गुडघे कुणी विचारले नाहीत.

वैशाखातलं ऊन. एसटीत पाऊण वाट उभ्यानं. दवाखाना दुसऱ्या माळ्यावर. दातांच्या डॉक्टरांना तळमजला मिळत नाही का कोण जाणे. तोंड घेऊन येणाऱ्याला पाय नसतात असं त्यांना वाटतं. वर पोचले तेव्हा मला बोलायला दम नव्हता, म्हणजे बघा.

डॉक्टरीण मुकादमांची. हसऱ्या तोंडाची, डोकं ओढणीनं बांधलेलं. आल्या आल्या माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, मिश्री लावता वाटतं?"

"लावते. माझे दात जागच्या जागी आहेत. तुम्ही हिचं बोला."

ती हसली. मग हर्षालीच्या तोंडात एक चिमट्यासारखं माप घालून बघितलं, आणि हसणं गेलं. पुन्हा मोजलं. आधीचा फोटो काढून शेजारी धरला.

"सरकलाच नाही गं. नखभरसुद्धा नाही."

"टोचलं होतंत तरी?" हर्षाली म्हणाली.

"तेच ना."

मी विचारलं, "मला नीट सांगा. टोचून दात कसा चालतो?"

तिनं मला कंटाळा न करता सांगितलं. "दात तारेनं ओढला की येतो, आजी, पण मध्ये हाड असतं. ते हटेल तसा दात पुढे. म्हणून मी हाडाला बारीक टोचे देते. शरीराला वाटतं जखम झाली. तिथं रक्त धावतं, सूज येते, आणि ती जखम भरून काढताना हाड काही दिवस मऊ पडतं. ते मऊ आहे तोवर सुळा खेचून घ्यायचा."

"म्हणजे खाडीत रुतलेला खांब काढायचा तर आधी बाजूचा चिखल उसकायचा."

"अगदी तस्सं!"

"मग सूज आली ते चांगलंच."

"सूज तर हवीच. तीच काम करते. सगळ्यांना सारखा गुण येतो असं नाही, पण हिच्याकडे काहीच नाही हे मला पटत नाही."

हर्षालीनं मोबाइलवर कसलं तरी यंत्र दाखवलं. तोंडात धरून बसायचं, ते थरथरतं, त्यानं म्हणे दात पळतात. डॉक्टरणीनं मान हलवली. "त्याचा भरवसा मी देणार नाही. उगाच तुला खर्चात का पाडू?"

"मग परत टोचा," हर्षाली म्हणाली. "आत्ता. दोन्ही बाजूंनी."

"दुखेल."

"दुखू दे. मला गणपतीनंतर जहाज आहे."

मी तिथंच स्टुलावर बसले होते. पोरीनं खुर्चीचे हात घट्ट धरलेले, पायाची बोटं चपलेत आवळलेली. तोंडातून हूं नाही. मी जेटीवर पापलेटाच्या टोपलीवरून बायकांची डोकी फुटताना बघितलीत, पण मला तिकडे बघवेना. मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत बसले.

निघताना डॉक्टरीण म्हणाली, "दुखलं तर मी सांगितलेली तीच गोळी हां."

"हो. पप्पा देतात."

"बरोबर, वडील मेडिकलवाले. मग काळजीच नाही."

घरी एकू दारातच. गोळी तयार. त्याखेरीज एक रात्रीची, ताकदीची म्हणून, कागदाच्या पुडीतून. मी एकदा विचारलं, "ह्याची पट्टी कुठाय रे?"

"मोठ्या डब्यातून येतात आये. सुट्याच असतात."

असतील. औषधांतलं मला काय कळतं, हे तो मला रोज सांगायचाच.

पुढं पावसाळ्याच्या तोंडाला हर्षालीचं पोट बिघडलं. जेवली की छातीशी हात. जळजळतंय म्हणायची. मी कालवणातली मिरची कमी केली, मग कोकम बंद केलं, मग मासेच बंद करून पेज दिली. खारव्याच्या घरात पेज आणि मेतकूट! एकू मेडिकलमधून गुलाबी औषध घेऊन आला, चमच्यानं पाजलं, पाठीवरून हात फिरवला. "बाय माझी सुकली," म्हणायचा आणि डोळे पुसायचा.

"जहाजावर पेज कोण देणार हिला?" मी म्हटलं.

"तेच म्हणतो मी आये. झेपायचं नाही तिला."

"झेपेल, पप्पा," हर्षाली म्हणाली. आवाज मात्र बारीक झाला होता.

अधूनमधून मी बॅटरी घेऊन तिच्या तोंडात बघायची. सुळा आहे तिथं. मागची फट आहे तेवढी. तुरीचा दाणा मावेल एवढी होती, तेवढीच. पोरगी विचारायची, "काय गो आजी, हलला?" मी म्हणायची, "वाटतंय जरासा." जन्मात मी कुणाला खोटं वजन दिलं नाही, पण तेव्हा म्हणायची.

आषाढात पुन्हा रत्नागिरीला गेलो. बोटी ओढून वर ठेवलेल्या, मासेमारी बंद, मला तसं काम नव्हतं. तरी अंगात जोर नव्हता. एसटीच्या खिडकीतून पाणी आत येत होतं, काच वर जात नव्हती. हर्षाली माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. इतकी हलकी लागली की मला भीती वाटली.

दवाखान्यात खुर्चीवर बसायच्या आधीच ती पोट धरून वाकली. डॉक्टरणीनं माप बाजूला ठेवलं.

"काय होतंय?"

"जळजळ. बरेच दिवस आहे."

"काय काय घेतेस तू?"

"तुमची गोळी. पोटाचं गुलाबी औषध. आणि रात्री ही ताकदीची." तिनं पर्समधून कागदाची पुडी काढून दिली.

डॉक्टरणीनं गोळी हातावर घेतली, खिडकीपाशी नेली, उलटी करून तिच्यावरची अक्षरं वाचली.  मग विचारलं, "ही कधीपासून?"

"पहिल्यांदा टोचलंत त्या दिवसापासून. रोज."

"रोज?"

"हो. का?"

"ही ताकदीची नाही, हर्षाली. ही सुजेवरची आहे. चांगली गोळी आहे, कंबर मोडलेल्याला मी स्वतः देईन. पण ती सूज मारते. इथं मी टोचून सूज आणतेय आणि ही रोज रात्री ती विझवतेय. हाड मऊ पडणार कुठून? दात हलणार कसा? एखाद्या दिवशी घेतली तर समजू शकते. महिनोन् महिने? पोटाची साल निघाली असेल तुझ्या."

"पप्पांना माहीत नसेल," हर्षाली म्हणाली.

डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली, हर्षालीकडे नाही. सावकाश म्हणाली, "पहिल्या दिवशी मी त्यांना ह्याच खुर्चीवर बसवून सांगितलं होतं. ह्या जातीची गोळी सोडून काहीही द्या, हिनं दात थांबतो. ते म्हणाले, माहीत आहे मॅडम, आमचा तोच धंदा."

 मग हर्षालीच म्हणाली, "सुट्या गोळ्या सारख्याच दिसतात. चुकून दिली असेल."

डॉक्टरीण हात धुवायला वळली. हात स्वच्छच होते तिचे.

"गणपतीपर्यंत?" हर्षालीनं विचारलं.

"नाही होणार, बाळा. आधी तुझं पोट. ही गोळी आजपासून बंद. मी खोटी आशा लावणार नाही."

स्टँडवर येऊन तिनं कंपनीला फोन लावला. इंग्रजीत बोलली. मला इंग्रजी येत नाही, पण "येस सर, येस सर" म्हणताना पोरीचा आवाज पायरी पायरीनं खाली कसा उतरला ते मला कळलं. फोन ठेवला आणि म्हणाली, "जागा दुसऱ्याला दिली, आजी. आता पुढच्या वर्षी पहिल्यापासून अर्ज करायचा. वयात बसले तर."

"बसशील."

"बघू." मग जरा वेळानं, एसटी सुटल्यावर, माझा हात धरून म्हणाली, "पप्पांना आज नको गो सांगू, त्यांच्याकडून चूक झाली म्हणून. त्यांना फार लागेल. रडत बसतील."

मी हात सोडवून घेतला नाही. बाहेर बघत राहिले. इतकी वर्षं उन्हात, पावसात, वाऱ्यात उभी राहिले, पण दमणं म्हणजे काय ते मला त्या एसटीत कळलं.

नाक्यावर मी उतरले. हर्षालीला म्हटलं, तू हो पुढं, मला गुडघ्याला मलम घ्यायचंय. पुडी माझ्याकडेच होती. डॉक्टरणीनं जाताना ती माझ्या हातात दिली होती, पोरीच्या नाही.

एकू गिऱ्हाइकाला खोकल्याची बाटली देत होता. तो माणूस जाईपर्यंत मी छत्री मिटून बाकावर बसले.

"आलात?" एकू म्हणाला. "भिजलीस ना गो आये. बाय कुठाय?"

"घरी गेली. जहाज गेलं तिचं. जागा दुसऱ्याला दिली."

त्यानं दोन्ही हात काचेवर टेकले. आणि त्याचं तोंड मी बघितलं. डोक्यावरची भरलेली टोपली उतरवल्यावर बायकांचं होतं ना, तसं. मान मोकळी, खांदे खाली. पापणी लवायच्या आतलं ते. मग त्याला आठवलं आणि डोळे भरून आले.

"अरेरे," म्हणाला.

"अरेरे नको म्हणू." मी पुडी काचेवर ठेवली. "हे काय आहे?"

"ताकदीची..."

"एकू."

 त्यानं रस्त्याकडे बघून आवाज खाली आणला. "रात्री दुखायचं तिला, आये. मला ऐकवायचं नाही."

"त्यासाठी डॉक्टरणीनं दिली होती की गोळी."

"तिनं पुरतं थांबत नाही."

"आणि हिनं दात थांबतो. ते तुला सांगितलं होतं."

त्यानं पुडी माझ्याकडे सरकवली. मी परत त्याच्याकडे सरकवली.

"माहीत होतं ना तुला?"

"होतं."

एवढ्यात शेजारच्या गल्लीतली एक बाई आली, डोकेदुखीची गोळी मागितली. त्यानं पट्टी कात्रीनं कापली, सुटे परत दिले, "जेवल्यावर घ्या हां वहिनी" म्हणाला. कात्री रेघेवरून सरळ गेली होती. मी त्याच्या हाताकडे बघत होते.

बाई गेल्यावर तो म्हणाला, "समुद्र आहे तो. आपल्या जेटीवर काय काय आणून टाकलंय ते मी बघितलंय. तू पण बघितलंयस."

"आपल्या घरातलं कोण गेलं समुद्रात? सांग ना. तुझा बाप? तो माडी पिऊन खाटेवर मेला. तुझा काका मोटारसायकल घेऊन नाल्यात गेला. तुझा आजा जेवता जेवता गेला, ताटात सुरमई होती."

"म्हणून पुढं होणार नाही असं थोडंच आहे?"

"दुसरं बोल. खरं असेल ते बोल. मला आज भांडायचा दम नाही."

तो काचेवरची धूळ बोटानं पुसत राहिला. धूळ नव्हतीच. मग एकदम म्हणाला, "ती गेली की घरात माझ्याशी बोलणार कोण? तू बोलतेस ते हे असं. नंदा दमून येते नि आडवी होते. ती एकटी विचारते, पप्पा जेवलात का. आयुष्यात मला तेवढंच कुणीतरी विचारतं, आये."

  बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि आम्ही दोघं काचेच्या दोन बाजूंना होतो. माझा मुलगा, कानाशी पांढरा झालेला.

"तिला सांगू नको," तो म्हणाला. "चूक झाली म्हणून सांग. चुकून दुसऱ्या डब्यातली दिली म्हण. तिला पटेल."

"पटलंयच तिला. तुझ्या आधीच तिनं ते शोधून काढलंय. मला म्हणाली, पप्पांना सांगू नको, ते रडत बसतील."

आता मात्र तो खरा रडायला लागला. हुंदक्यांनी, तोंड झाकून. ह्याआधीचं रडणं मी कधी मानलं नाही, हे मानलं. तरी माझा हात त्याच्याकडे गेला नाही. मी बाकावरून उठले, गुडघा धरून, छत्री घेतली.

"शटर ओढ," मी म्हटलं. "माझ्याबरोबर घरी चल आणि जेवायच्या आधी तिला सांग. चूक झाली असं नाही, मुद्दाम केलं असं. तिनं त्यावर काय करायचं ते ती बघेल. तुझ्याशी बोलेल, न बोलेल. मी मधे पडणार नाही."

"आये, ती माझं तोंड बघणार नाही."

"नाही बघितलं तर नाही. माझ्या घरातलं एकही माणूस आजवर समुद्रानं नेलं नाही, एकू. पहिलं माणूस बुडवलंस ते तू, आणि तेही कोरड्या जमिनीवर."